संदर्भ न सापडलेलं वाक्य

कर्वेनगरात अर्थशास्त्राचे क्लास घेणारे श्यामसुंदर देऊळगावकर साम्यवादाविरुद्ध पुस्तक लिहून एकदम नावारूपाला आले. सोव्हिएत संघ कोसळला होता, हडपसरकडे आयटी पार्क उभे राहत होते आणि कम्युनिस्टांना झोडपणारं काहीही लोकांना गोड लागत होतं. आवृत्त्या हातोहात खपल्या. व्याख्यानात त्यांचं एक वाक्य हमखास टाळ्या घ्यायचं : 'मुलांनी आईबापांना विसरणं, हेच क्रांतीचं पहिलं पाऊल.' हे कम्युनिस्टांच्याच ग्रंथातलं आहे, असं ते ठासून सांगत.

कोथरूडच्या एका सभेला कमरजहां शेख अध्यक्ष होत्या. राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, आणि साम्यवादाच्या जुन्या, कडव्या टीकाकार. व्याख्यान संपल्यावर त्यांनी विचारलं, "ते वाक्य कोणत्या ग्रंथातलं, देऊळगावकर?"

"मूळ जर्मनमध्ये आहे, मॅडम," श्यामसुंदर बोलून गेले.

बाईंना जर्मन येतं, हे त्यांना बोलल्यावर आठवलं. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, "बरं" एवढंच म्हटलं आणि माइक आभार मानणाऱ्याकडे दिला. श्यामसुंदरांचे कान तापले. चारचौघांत पाणउतारा केला असता तर निदान भांडता आलं असतं.

मग ते शोधायला बसले. वाक्य त्यांनी असल्याच एका पुस्तकातून उचललं होतं, त्या लेखकाने दुसऱ्या पुस्तकातून, आणि त्या दुसऱ्यात कसलाच संदर्भ नव्हता. मूळ ग्रंथ श्यामसुंदरांनी कधी उघडलेच नव्हते.

शेवटी ते बाईंच्या घरी गेले.

"चहा घेणार, की जर्मन ऐकवणार?" बाईंनी दारातच विचारलं.

"ते वाक्य कुठेच नाही, मॅडम."

"ठाऊक होतं मला. अहो, त्यांच्या राजवटींत माणसं उपाशी मेली, तुरुंगात सडली. एवढं खरं हाताशी असताना आपल्याला खोटं कशाला लागतं? अशी पुस्तकं म्हणजे त्यांची सोयच. एक खोटं दाखवलं की बाकीचं खरंही त्यांना झटकता येतं."

श्यामसुंदरांनी पुढची आवृत्ती थांबवली. प्रकाशक चिडला, ते ऐकून घेतलं. पुस्तक नव्याने लिहायचं ठरवून ते आधी मूळ ग्रंथ वाचायला लागले. समोरच्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकावं म्हणून हडपसरला उत्तरेश्वरांकडे गेले. लातूरकडून येऊन कारखान्यात लागलेले, कम्युनिस्ट पक्षाचे जुने कार्यकर्ते.

"तुमचं पुस्तक आमच्या घरात आहे," उत्तरेश्वर म्हणाले. "आमच्या मुलीला, दीपमालाला, कॉलेजात बक्षीस म्हणून मिळालं होतं. वाचून मला म्हणाली, बाबा, मी तुम्हाला विसरावं असं तुम्हाला वाटतं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? छापलेलं होतं."

"ते वाक्य खोटं आहे," श्यामसुंदर कसंबसं म्हणाले.

"हे तिला सांगाल?"

ती येईपर्यंत श्यामसुंदर थांबले. दीपमाला कंपनीतून आली, गळ्यातलं ओळखपत्र काढता काढता तिने सगळं ऐकलं.

"सर, वक्तृत्व स्पर्धेत मी तेच वाक्य म्हटलं होतं," ती म्हणाली. "बाबा समोर बसले होते."

उत्तरेश्वर उठून खिडकीशी गेले.

नवं पुस्तक निघायला काही वर्षं गेली. तेही साम्यवादाविरुद्धच होतं, पण पहिल्या प्रकरणात साम्यवाद्यांचं म्हणणं साम्यवाद्यांनाही मान्य होईल असं मांडलेलं. ते फारसं खपलं नाही. कमरजहांबाईंनी वाचून "आता वाद घालण्याजोगं झालं" असं कळवलं. एक प्रत श्यामसुंदरांनी हडपसरला पाठवली. स्वतः नेऊन द्यायचा धीर झाला नाही, पोस्टाने पाठवली.