जुना सामना लागला की

"चेहरा दाखव ना बे. पाठ कोन पायते तुही?" कॅमेरा खांद्यावर टाकून चाचा मैदानात शिरले की पहिलं वाक्य हेच. खेळाडू चिडायचे, पंच शिट्टी फुंकून दमायचा, पण चाचांना चेहराच हवा.

दिग्रसच्या आमच्या केबल चॅनलचे ते कॅमेरामन, समालोचक आणि रविवारच्या कबड्डीचे सर्वेसर्वा. एरवी बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मी पडद्याच्या तळाशी फिरणारी पट्टी लिहायचो. चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली, चॅनलही बुडालं. पण कोणी चढाईवर निघाला की माइकवरून "जाय बाप्पा, पन वापस ये" म्हणणारा समालोचक मला पुन्हा भेटला नाही. तुम्हाला भेटला असेल तर सांगा.

एक रीत त्यांनीच पाडली होती. कुठल्या गावचा खेळाडू वारला, की त्या संध्याकाळी त्याचा जुना सामना लावायचा. लोकांना ते फार आवडलं. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. जिनिंगचे भोंगे बंद पडले, घराघरांत कापूस पिवळा पडत राहिला, आणि जुने सामने वरचेवर लागू लागले. तरणीताठी पोरं हो. पुढे पुढे तर कॅमेरा दिसला की खेळाडू मान फिरवायचे. चाचाही आता कोणाला "चेहरा दाखव" म्हणत नसत. मला तर त्या टेपांच्या कपाटाची भीतीच वाटायला लागली होती.

एका रविवारी सामना ऐनवेळी रद्द झाला. वेळ भरून काढायची म्हणून चाचांनी हाताला लागली ती टेप लावली. पडद्यावर गजू आला. जवळच्याच खेड्यातला, आमच्याकडचा सगळ्यात चपळ चढाईपटू. लगेच फोन सुरू झाले. "गजू कधी गेला हो?"

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. टेप थांबवली, माइकवरून सांगितलं की गजू धडधाकट आहे, चूक आमची. कोणाचा विश्वास बसेना. "चाल, त्याले पाहूनच येऊ," म्हणत त्यांनी मला मोटारसायकल काढायला लावली.

गजूच्या दारात ही गर्दी. ओट्यावर त्याची माय रडत होती. गजू सकाळी वावरात गेला तो जेवायलाही आला नव्हता. आम्ही गाडी तशीच वावराकडे दामटली.

गजू बांधावर बसला होता. शेजारी फवारणीच्या औषधाचा डबा, झाकण अजून लावलेलंच. आम्हाला पाहून तो दचकला नाही. एवढंच म्हणाला, "चाचा, तुमाले कोनं सांगतलं?"

चाचांनी गजूचं मनगट धरलं आणि ते मटकन खाली बसले. डबा मी उचलला. गजू हमसून रडायला लागला, तेव्हा चाचाही रडले.

परतताना गाडी मी चालवली. मध्ये गजू, मागे त्याला कवेत धरून चाचा. लोक वाटेतून बाजूला होत गेले, कोणी काही विचारलं नाही. दारात पोचलो, गजू उतरला, तरी चाचांनी त्याला सोडलं नव्हतं. शेवटी त्याच्या मायनंच चाचांची बोटं एकेक करून सोडवली.

"सोडा आता, भाऊ," ती म्हणाली. "मी हाओ ना."