पांढरकवड्याच्या वाटेवर बसलेलं चाक

यवतमाळात माझं टायरचं दुकान आहे. सुरुवात रस्त्याच्या कडेला पंक्चर काढण्यापासून, त्यामुळे कुठं चाक बसलेलं दिसलं की अजूनही हात शिवशिवतात. त्या हिवाळ्यात बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि बाजारात शुकशुकाट झाला. दुकानात माशा मारताना पाहून बायको म्हणाली, "चाला, केळापूरच्या देवीले तरी जाऊन येऊ." निघालो मोटारसायकलवर.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळीच निघा. वाटेत तर्री-पोहे खा; तर्री पुन्हा मागितली तर वेगळे पैसे घेत नाहीत. जोडमोह्यानंतर खड्डे सुरू होतात. दोन्ही बाजूंच्या पऱ्हाट्यांवर वेचायचा सोडून दिलेला कापूस काळवंडून लोंबत होता.

मोहद्यापुढे एक जीप उभी दिसली. मागचं चाक बसलेलं, स्टेपनी नाही. जवळ गावपुढारी मंडळी, त्यांच्यात एक तरुण पोरगी आणि मान खाली घातलेला तिचा बाप. मी चाकाशी बसलो, कान उघडे ठेवून.

पुढाऱ्यांतले दादाजी फार घाईत होते. पोरीनं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला अर्ज भरला होता. माघारीची मुदत त्याच दिवशी तीनपर्यंत; त्याच्या आत तिला तहसीलात नेऊन तो मागं घ्यायला लावायचा होता. "आमचं गाव नेहमी बिनविरोध," ते मला छाती फुगवून सांगू लागले. "पोट्ट्यायले कायले पाहिजे मतदान?"

"मंग अळीचा पंचनामा तुमच्या ओसरीवर बसून झाला, ते कोणाले विचारायचं?" पोरगी म्हणाली. "आमच्या वावरात कोणी पाय बी नाही ठेवला."

"पाहा हे जबान! सायबराव," दादाजी बापाकडे वळले, "गावात राह्यचं हाय ना तुले? उद्या तुह्या वावराची वाट बंद झाली तर रडत येऊ नको."

माझं डोकं सणकलं. त्या गावातल्या तिशीच्या पोरांच्या बोटाला ग्रामपंचायतीची शाई कधी लागलीच नव्हती. ओसरीवर चार टाळकी चहा पिणार, आणि त्याला निवडणूक म्हणायचं! वर धमकी बापाला!

चाकात खिळा नव्हता, चीर नव्हती. व्हॉल्व्हची पिन सैल केलेली आणि वरची टोपी गायब. मी मान वर केली. पोरीची मूठ घट्ट मिटलेली होती.

ती माझ्या हातावर पाणी घालायला आली आणि हळूच म्हणाली, "चहाले थांबलतो तवा मीच सोडली हवा, काका. मी नाही म्हटलं तर बाबाची वाट बंद करतीन. गाडीच नाही पोचली, तर कोणाले दोष देतीन?"

हवेचा पंप माझ्या पिशवीत होता. बायकोनं सगळं ऐकलं होतं. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि मोठ्यानं म्हणाली, "घाई नोका करू हो. नीट काढा पंक्चर."

मग मी चाक खोललं. ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, उन्हात धरली, पुन्हा बुडवली. नसलेलं पंक्चर शोधायला अनुभव लागतो. दादाजी येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकला हात करत होते. एसटी आली, ती गच्च भरलेली. न थांबताच गेली.

"झालं का, मिस्त्री?"

"ट्यूब जुनी हाय, दादाजी. दम धरा."

तीन वाजून गेले तशी बायकोनं पिशवी उघडली.

निघताना दुकानाचं कार्ड सायबरावांच्या खिशात ठेवलं. देवीचं दर्शन दिवेलागणीला झालं. पांढरकवड्यात मुक्कामाला साधी लॉज मिळते, पण अंथरूण बघूनच पैसे द्या.

घरी येऊन पोराला हे सगळं सांगितलं. तो तेवीस वर्षांचा, मतदार यादीत नाव नाही. "एका मतानं काय होते, पप्पा?" म्हणाला. याची वाट अडवायला कोणी दादाजी उभे नव्हते. तिथं आला नव्हता इतका राग मला घरात आला. दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं, पण त्याचं नाव नोंदवूनच.

आता बरीच वर्षं झालीत, म्हणून त्या पोरीला विचारून हे लिहितोय. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला होता. "हरली मी, काका."

 आणि लगेच म्हणाली, "पण पोट्टे सकाळपासून रांगेत होते. दादाजीयले बी त्यायच्या मागं उभं राहा लागलं."