रोहिणीचं पुसलेलं काम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, पण जीभ अजून अडखळतेच.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पूर्वी मुलांचे प्रोग्राम पेन ड्राइव्हवर यायचे—आणि सोबत व्हायरसही. मग मी एक टूल बसवलं. काळ्या स्क्रीनवर एक कमांड दिली की वर्गातल्या प्रत्येकाच्या ऑनलाइन जागेत प्रोग्रामचा कोरा सांगाडा जाऊन पडतो. मुलं त्यात काम भरत जातात. विभागप्रमुखांपुढे केवढा तोरा मिरवला होता मी!

रोहिणी पातूरहून एसटीने यायची. लाडकी होती माझी—हेही सांगायलाच हवं. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता, सगळं काम लॅबमध्ये. आणि लॅबचे कॉम्प्युटर बंद केले की त्यांच्यावरचं सगळं पुसलं जातं. म्हणजे तिचं काम फक्त त्या ऑनलाइन जागेत. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पुसण्याची ती व्यवस्था मीच लावली होती.

एकदा सांगाड्यात माझी चूक राहिली. दुरुस्त करून पुन्हा पाठवायला गेले, तर टूल अडून बसलं—इथे आधीच काम आहे म्हणे. ते बिचारं मला सावध करत होतं. मी वैतागले. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘जुन्यावर नवं लिहायचं का?’ याच्यापुढे ‘हो’ करून टाकलं. सगळ्या वर्गाचं काम गेलं.

बाकीच्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून पुन्हा चढवलं, नेटला चार शिव्या घातल्या. रोहिणी काय चढवणार?

ती माझ्या टेबलाशी आली, तोवर मला सगळं कळलेलं होतं. तरी मी मान वर न करता म्हटलं, “तू पाठवलंच नसशील.”

ती म्हणाली, “पाठवलं होतं मॅडम... पन माह्याच हातून काई चुकलं असन.”

शोधलं असतं तर त्या ऑनलाइन जागेत जुनी प्रत कदाचित सापडलीही असती. पण शोधायचं म्हणजे प्रमुखांना सांगायचं. नाही शोधलं मी. तिनं सगळं पहिल्यापासून लिहिलं, मधल्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून. मी तिला एकदा चहा पाजला. चहा!

परवा तिचा फोन आला. अमरावतीला नोकरी लागली म्हणाली, आवाजात नुसता आनंद. “तुमी तवा टोकलं ना मॅडम, तवापासून काईबी पाठवलं की मी मोबाइलवर फोटो काढून ठेवते. सोतावर भरवसाच नाई ठेवत मी. लय कामी आलं तुमचं ते बोलनं.”

इतकी नीटस, इतकी खरी पोर. मी काय म्हणाले असेन?

“चांगली सवय आहे,” म्हणाले.