भावोजींची गादीवाली चड्डी

बसण्याचा विचार आमच्या साडूंइतका रत्नागिरी जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला असेल, असं मला वाटत नाही. चालण्याबद्दल, उभं राहण्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. पण माणूस बसतो म्हणजे नेमका कशावर बसतो, हाडांवर की भोवतीच्या मांसावर, घाम कुठे साचतो, शिवण कुठे रुतते आणि रुतलेली शिवण किती वेळात कातडी खाते, यावर ते जेवणाच्या पंगतीतही बोलू शकतात, आणि समोरच्याच्या पानात आमटी असली तरी बोलतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना भावोजी म्हणते म्हणून मीही भावोजीच म्हणतो. बांधकाम खात्यात रस्त्यांची मापं घेण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर शांतपणे पेपर वाचत बसायचं सोडून ते सायकलच्या चड्डीच्या नादी लागले, आणि त्या नादापायी एकदा जवळजवळ गेलेच होते.

झालं असं की, साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. भावोजींना चालणं मान्य नव्हतं. "चालताना ओळखीची माणसं भेटतात आणि चौकशी करतात," हे त्यांचं कारण. म्हणून त्यांनी कोल्हापूरहून एक सायकल आणवली. बारीक चाकांची, वाकलेल्या हँडलची, शर्यतीतली. तिची सीट इतकी अरुंद की तिच्यावर माणूस बसतो की ती माणसात बसते, असा प्रश्न पडावा. पहिल्या दोन फेऱ्यांतच भावोजींना कळलं की साध्या पँटवर हे जमणार नाही. मग त्यांनी मोबाइलवरून गादीवाली चड्डी मागवली. सगळ्यात जाड गादी जिची, ती सगळ्यात चांगली, असा हिशेब केला. आत नेहमीची चड्डीही घातली. त्या अवतारात ते सोसायटीच्या फाटकातून निघाले तेव्हा रांगतं मूल लंगोटासकट उभं राहून चालायला लागावं तसे दिसत होते. वॉचमनने तोंड फिरवलं. भावोजी भाट्याचा पूल ओलांडून, पलीकडचा चढ चढून पावसपर्यंत गेले आणि येताना सायकल हातात धरून चालत आले. वाटेत ओळखीची झाडून सगळी माणसं भेटली आणि सगळ्यांनी चौकशी केली.

दुसरा कुणी असता तर सायकल विकून मोकळा झाला असता. भावोजी अभ्यासाला लागले. बसण्याच्या दोन हाडांमधलं अंतर कळल्याशिवाय चड्डीतली गादी निवडता येत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. ते अंतर घ्यायला ते सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेले, ओल्या वाळूत पाय उचलून नीट बसले, उठले, आणि उमटलेल्या दोन खळग्यांमधलं माप टेपने घेऊ लागले. भरती चढत होती, माप घेण्याआधीच लाट येई, आणि भावोजी चार पावलं मागे सरून पुन्हा बसत. मासळीची टोपली घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या. "काय ओ काका, काय हरवला काय?" एकीने विचारलं. "हरवलं नाही, मोजतोय," भावोजी टेपवरची नजर न काढता म्हणाले. त्या बायका एकमेकींकडे बघत निघून गेल्या आणि दुपारपर्यंत ही बातमी आमच्या स्वयंपाकघरात पोहोचली.

पुढे गावातल्या कापडाच्या आणि खेळाच्या सामानाच्या दुकानांत त्यांना सगळे ओळखू लागले. चड्डी हातात आली की भावोजी ती आधी उलटी करत. मग डोळे मिटून अंगठा आतल्या गादीवरून, कडेवरून, शिवणीवरून इतक्या सावकाश फिरवत की दुकानात आलेल्या बायका बाहेर जाऊन उभ्या राहत. "ही शिवण बरोबर मध्ये का आणलीत?" ते विचारत. दुकानदार म्हणे, "काका, घालून बघा, बसेल." भावोजी म्हणत, "ती बसेल हो. मी बसेन का, ते सांगा." घरच्या गॅलरीत दोरीवर या चड्ड्या उलट्या करून वाळत घातलेल्या असत, आणि पावसाळ्यात त्या चार-चार दिवस वाळत नसत म्हणून पंख्याखाली, फ्रिजच्या मागे, एकदा तर टीव्हीवर. समोरच्या काकूंनी गॅलरीतल्या देखाव्याबद्दल तक्रार केली, तेव्हा भावोजींनी त्यांना बोलावून ओलसर गादीत जंतू कसे वाढतात आणि मांडीच्या सांध्याशी आधी काय होतं ते समजावून सांगितलं. काकूंनी पुन्हा कधी तक्रार केली नाही. त्यांच्या घरच्या त्या बाजूच्या खिडक्या मात्र कायमच्या बंद झाल्या.

हे सगळं लोक हसत हसत एकमेकांना सांगत, मीही सांगत असे. माझी बायको तेवढी हसत नसे.

तिची बहीण, आमची ताई, सायकल घरात यायच्या आधी अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भावोजींनी तिच्यासाठी मोठ्या हौसेने नवा कापूस पिंजून जाडजूड गादी करून घेतली. आम्ही बघायला गेलो तेव्हा गादीवर थाप मारून म्हणाले होते, "बघा, लोण्यावर निजल्यासारखं वाटेल तिला." ताई नुसती बघत होती. तिला काय वाटत होतं ते सांगण्याची सोय तिच्यापाशी नव्हती. काही आठवड्यांनी, मधून मधून तपासायला येणाऱ्या सिस्टरने तिला कुशीवर वळवलं आणि भावोजींना हाक मारली. माकडहाडाशी कातडी काळी पडली होती. मऊ गादी मध्ये खोल बसली होती, घामाने ओली होती, आणि वरच्या चादरीची जोडशिवण नेमकी तिच्या पाठीखाली आलेली होती. त्यानंतर भावोजींनी काय केलं नाही? गजर लावून तिला वळवलं, हवेची गादी आणवली, स्वतःच्या हाताने जखम धुतली. खोलीत वास राहू लागला तेव्हा उदबत्त्या लावल्या आणि नंतर उदबत्तीचा वासही आम्हाला नकोसा झाला. जखम हाडापर्यंत गेली. त्यातूनच विष अंगात भिनलं आणि ताई गेली. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात हे होतं, कुणाचा दोष नाही. भावोजींनी मान हलवली. पण तेव्हापासून त्यांना कुठल्याही कापडावरून अंगठा फिरवल्याशिवाय राहवत नाही. कुणाकडे गेले तर सोफ्याच्या कव्हरवर, एसटीत सीटवर, आणि आमच्याकडे आले तर आमच्या पलंगावरच्या चादरीवरसुद्धा.

ताईचं वर्षश्राद्ध त्यांच्या घरी होतं. सकाळपासून भावोजी उभेच होते. पाहुणे आले, उभे. चहा, उभ्याने. मी म्हटलं, "भावोजी, टेका जरा." म्हणाले, "सायकलीने सवय मोडली हो बसायची." लोक हसले. मग गुरुजींनी पाटावर बसायला सांगितलं. भावोजी एका हाताने भिंत धरून हळूहळू खाली आले, पाटाला टेकले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडातून आवाज काढला नाही. गुरुजी मंत्र सांगत होते आणि भावोजी ओठ हलवत होते. हातातलं पाणी ताम्हणाबाहेर सांडत होतं. पिंडांना नमस्कार करायला वाकले तेव्हा त्यांच्या धोतराला मागे रक्त आणि पू लागलेला माझ्या बायकोने पाहिला. तिने मला नजरेने दाखवलं. विधी तिथेच थांबवून आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं.

सीटच्या घासण्याने झालेलं करट होतं ते. आतल्या आत पसरलं होतं. साखर भयंकर वाढलेली. त्याच संध्याकाळी चिरून साफ करावं लागलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "हे कालपरवाचं नाही. इतके दिवस हे गृहस्थ सहन कसे करत होते? अजून उशीर झाला असता तर हाती लागले नसते." मला वाटलं, हट्टी माणूस, ऑपरेशनला घाबरला असेल.

बायकोला तसं वाटलं नाही. भावोजी शुद्धीवर आल्यावर तिने त्यांना सरळ विचारलं, "भावोजी, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं ना?"

ते छताकडे बघत म्हणाले, "होतं."

"आणि तरी रोज सायकल काढत होता?"

"रोज."

"का?"

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा रेडिओ चालू होता, तो कुणीतरी बारीक केला. मग भावोजी म्हणाले, "तिला किती दुखत असेल, ते मला कळायला हवं होतं. जाड गादी मीच आणली होती. आता कळलं थोडं. पूर्ण नाही, थोडं."

मला कुठे बघावं कळेना. बायको मात्र संतापली. माझ्यावर ती संतापते ते वेगळं, हे वेगळं होतं. तिचा आवाज चढलासुद्धा नाही. म्हणाली, "ताईला सांगता येत नव्हतं, भावोजी. तिची जीभ गेली होती. तुमची शाबूत आहे. जगाला चड्डीची शिवण समजावून सांगत फिरता आणि स्वतःच्या अंगाला भोक पडलं ते सांगत नाही? एक बहीण मी अशी घालवली. तुम्हाला पण तसंच घालवायचं मी? आणि ते कशासाठी, तर तुम्हाला हिशेब चुकता करायचाय म्हणून?"

भावोजींनी डोळे मिटले. त्यांच्या कानांकडे पाणी ओघळत होतं. ते पुसायला हात उचलला तर त्यात सलाईनची सुई. शेवटी बायकोनेच पदराने पुसलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "जरा डाव्या कुशीवर वळवतेस का? ठणकतंय." त्यांनी कुणाकडे असं काही मागितलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

जखम भरेपर्यंत ते आमच्याकडे राहिले. मी त्यांना वळवायचो, सिस्टर ड्रेसिंग करायची आणि बायको दाराबाहेरून हुकूम सोडायची. साखर ताळ्यावर आली, डॉक्टरांनी पुन्हा सायकलीला परवानगी दिली, पण एका अटीवर, की चड्डी ढंगाची हवी. ही अट बायकोने फारच मनावर घेतली. रोज दुपारी ती आणि भावोजी चष्मे लावून मोबाइलमध्ये चड्ड्या बघत बसत. आता भावोजी जाड गादीकडे ढुंकूनही बघत नसत. पातळ पण दाबली तर चटकन वर येणारी, हाडांखाली भक्कम आणि मधे मोकळी, आतून जोड नसलेली, अंगाला घट्ट म्हणजे घसरून घासणार नाही, आणि आत दुसरं काही घालायचं नाही, अशी ती चड्डी असायला हवी होती. शेवटी जी पसंत पडली तिला कंबरेला इलॅस्टिकच नव्हतं, खांद्यावरून दोन पट्टे होते. ती घालून भावोजी बाहेरच्या खोलीत आले. खाली पोटऱ्या उघड्या, वर पट्टे, मधे पोट. बायको क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही सर्कशीत चांगले कमवाल." भावोजी हसले. ताई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. सायकल भिंतीला टेकवून बायकोने त्यांना सीटवर चढवलं आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतली. रुततंय? नाही. घासतंय? नाही. खोटं बोलताय? "डावीकडे एक दोरा लागतोय," भावोजींनी कबूल केलं. तिने कात्री आणून तो दोरा कापला.

तेव्हापासून घरात नियम झाला की कुठे जरा जरी चुरचुरलं तरी त्याच दिवशी सांगायचं. भावोजींनी तो खात्यातल्या आदेशासारखा पाळला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या घोळक्यात बायकोचा फोन स्पीकरवर होता, आणि "उजव्या बाजूला किंचित लाल, मलम लावलं, काळजी नसावी," असा भावोजींचा अहवाल अख्ख्या खोलीने ऐकला. बायको शांतपणे म्हणाली, "दोन दिवस सायकल बंद," आणि पुढचीला अत्तर लावलं.

परवाच्या थंडीत भावोजी म्हणाले, पूर्णगडापर्यंत जाऊन यावं. बायकोने मला स्कूटरवरून त्यांच्या मागे पाठवलं. पावसला थांबून चहा प्यायलो, मग ते पुढे आणि मी मागे, असे उन्हं तापायच्या आत पोहोचलो. गड लहानसा, चढ थोडासा. तटावरून खाडीचं तोंड दिसत होतं, होड्या आत येत होत्या. वारा सुटला होता. भावोजी तटाला टेकून उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "या रस्त्याची पाहणी मीच केली होती. खात्याची जीप होती. हिला विचारलं होतं, येतेस का, समुद्र बघशील. म्हणाली, घरात पाहुणे आहेत, पुढच्या वेळी."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"एवढ्याशा अंतरावर," ते म्हणाले. "जन्मभर आलीच नाही हो ती इथे."

खाली उतरून त्यांनी हेल्मेट चढवलं, पट्टे सारखे केले आणि निघाले. जाताना चांगले वेगात गेले होते. परतताना मात्र खाडीच्या कडेने ते इतके सावकाश चालले होते की मला स्कूटर सांभाळायला मधून मधून पाय टेकावा लागत होता. ते बघत होते. पाणी, माड, कापून झालेली शेतं, अंगणात वाळत घातलेली मासळी, सगळं एकेक करून, नीट. रस्ता मोकळा होता, पुढे जाता आलं असतं. मी हॉर्न वाजवला नाही. तसाच मागे राहिलो.