फुआतिनोची चटई

फुआतिनो येताना दिसली की आमच्या बेटावरच्या गावातली मोठी माणसं हातातला झाडू गुपचूप खाली ठेवायची. अंगण झाडायला घेतलेला नव्हे हो, पोरांना बडवायला उचललेला. आमच्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. कुणाचं पोर मार खातंय ते गावभर ऐकू जातं. पण ऐकून आम्ही काय करायचो? खाली मान घालून अळकुड्या सोलत बसायचो. ही बाई मात्र विणायच्या पाती काखेत मारून उठायची, थेट त्या घराच्या मधोमध फतकल मारायची आणि विणायला लागायची. तोंडातून चकार शब्द नाही. पाहुणी समोर बसलेली असताना पोरावर हात कसा टाकणार? घरधनी चडफडायचा आणि बायकोवर खेकसायचा, "बघतेस काय, कोको दे तिला!" ही निवांत कोको प्यायची आणि पोर झोपेपर्यंत हलायची नाही.

"अगं, लोक वैतागलेत तुला," मी एकदा म्हटलं.

"वैतागू देत की, इयानेता. माझ्यावर वैतागले तेवढा वेळ पोरं सुटली."

तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नाही. पण गावातलं एकही पोर तिने परकं मानलं नाही. शाळेच्या वेळात रस्त्यावर नारळ विकायला बसवलेली पोरं तिने बायकांच्या मंडळात भांडभांडून उठवली. तेव्हा मंडळात सगळ्यात जास्त तोंड वाजवलं ते मीच, तिच्या विरोधात. तिने माझ्याशी अबोलासुद्धा धरला नाही.

आणि घात झाला तो तिच्या सख्ख्या भावाच्या घरात. उलुगिआ म्हणजे त्यांच्या घराण्याचा मताई, प्रमुख. तो खाकरला तरी घर उठून उभं राहायचं. रविवारी देवळातून आल्यावर आमच्याकडे आधी मोठे जेवतात. पोरांनी माशा वारायच्या आणि उरेल ते खायचं. त्या रविवारी उलुगिआच्या नातवाने, फालानिकोने, ताट नेता नेता नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूच्या पानांचा एक घास तोंडात टाकला. आई-बाप न्यूझीलंडला कामाला, पोर आजोबांच्या हवाली. पाहुणे जाताच उलुगिआने त्याला झाडूने असं फोडलं की पाठीवर वळ उठले. फुआतिनो नेमकी शहरात गेलेली. पोर धावत माझ्या घरात शिरलं आणि चटयांच्या ढिगामागे लपलं.

त्याला काही खायला द्यायला गेलं की विचारायचं, "सगळे जेवले का?" हो म्हटलं तरी पानाला हात लावायचं नाही.

उलुगिआने निरोप धाडला: पोराने येऊन माफी मागावी, नाहीतर शनिवारच्या बोटीने सवाई बेटावर मामाच्या मळ्यात रवानगी. तिथे कसली शाळा नि कसलं काय! पाठ सोलली यांनी आणि माफी मागायची पोराने!

फुआतिनो परतली, पोराची पाठ पाहिली आणि तडक भावाकडे गेली. मीही मागोमाग.

"आपल्या माणसाने दुसऱ्याच्या माणसाला जखमी केलं, तर आपण काय करतो रे?" तिने विचारलं.

"त्यांच्या दारात चटई पांघरून बसतो," उलुगिआ म्हणाला. "ते माफ करून चटई उचलतील तोवर. का?"

"मग चल."

"कुणाच्या दारात? त्या शेंबड्याच्या? डोकंबिकं फिरलं का तुझं?"

ती तशीच पाठ फिरवून चालती झाली. शनिवारी उजाडताना मी बाहेर आले तर माझ्या अंगणात चटईखाली कुणीतरी बसलेलं. चटई मी ओळखली. रेशमासारख्या विणीची ती चटई फुआतिनोने स्वतःच्या मयतासाठी जपून ठेवलेली होती.

हां हां म्हणता गाव गोळा झालं. आमच्याकडे भाऊ कितीही मोठा असो, बहीण धुळीत बसली की त्याची इज्जत गेलीच म्हणायची. उलुगिआ लालबुंद होऊन आला.

"ऊठ, फुआतिनो! लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस की नाही?"

चटईखालून आवाज आला, "बसायचं तर बस. नाहीतर बाजूला हो, वारा अडतोय."

कुणीतरी फिसकन हसलं. उलुगिआने जमलेल्या गावाकडे पाहिलं, धुळीतल्या बहिणीकडे पाहिलं. मग गुडघे धरत खाली बसला आणि चटईचं टोक डोक्यावर ओढून घेतलं.

घर माझं, म्हणून रिवाजाप्रमाणे मी चटई उचलायला पुढे झाले.

"हात काढ!" फुआतिनो आतून कडाडली. "मार तू खाल्लास का?"

मी मागे सरले. फालानिको खांबाआडून बघत होता.

"मी नाही उचलली तर?"

"तर बसून राहतील," मी म्हटलं.

"बोट गेली तरी?"

"तरी."

पोराने जरा विचार केला. मग म्हणालं, "मला भूक लागलीय."

मी भाजलेला नीरफणस वाढला, तीच दुधातली पानं वाढली. अख्ख्या गावासमोर, आजोबा उन्हात बसलेले असताना, तो मांडी घालून जेवला. सगळे जेवले का, हे त्याने विचारलं नाही. बोटं चाटून चाटून सावकाश जेवला. मला रडू आवरेना. एकाही म्हाताऱ्याने त्याला हटकलं नाही, आणि चटई जागची हलली नाही.

हात धुऊन तो अंगणात गेला आणि चटई उचलली. घामाने भिजलेल्या उलुगिआने त्याला जवळ घ्यायला हात पुढे केला. पोर दचकून मागे सरलं. उलुगिआने हात तसाच मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली.

फालानिको त्या हाताकडे बघत राहिला. मग एक पाऊल पुढे आला.

"आजोबा, मी जेवलो," तो म्हणाला. "आता तुम्ही जेवा."