मागच्या खोल्यांची किल्ली

वल्लरे, लिही. तुझ्या आईचं सांगते, माझ्या प्रतिक्षाचं. मी बोलंन तसंच लिही.

निमगाव केतकीचं ह्ये घर तिनं लोणी देवकरच्या फॅक्टरीत बारा वर्सं उभं राहून बांधलं. पाय असं सुजायचं की चप्पल निघायची न्हाय. घर दोघांच्या नावावर, तिच्या आन् विजयसिंहरावांच्या. जावई आता बारामतीला ऱ्हात्यात. फारकतीचा दावा लागला तवा मी नरसिंहपूरवरनं लेकीपाशी आले. जावई म्हणलं, घर मी ठेवतो, निम्मी किंमत तिला देतो. कोर्ट म्हणलं, आदी किंमत तर काढा.

ह्ये किमतीचं मला मागनं कळलं. त्या दिशी शिफ्टला जाताना प्रतिक्षा एवढंच म्हणली, "आई, घर बघायला सायेब येणार हाय. दाखव." लाजंनं जास्त बोलली न्हाय पोर.

आता सायेब घर बघायला आला म्हंजे मला एकच ठावं, घरपट्टी. आमच्याकडं मोजायला कुणी आलं की तुझा आजा म्हणायचा, "सारजे, रडून दाखव." चांगल्या खोलीला गोठा म्हणायचं. उभा जलम त्येच केलं.

सायेब आला, टेप लावली. जावई संगं हुतं.

"मागच्या दोन खोल्या कसल्या, आजी?"

"शेरडांच्या हायेत ओ. किल्ली हरावली."

किल्ली माझ्या कमरंच्या पिशवीत.

सायबानं जावयाकडं बघितलं. जावई म्हणलं, "मामी हितंच ऱ्हात्यात. त्यांना जास्त ठावं."

"बोअरला पाणी?"

"कुठलं! कवाच आटलं. स्लॅब गळतोय, पावसात पातेली मांडून निजतो आमी."

सायबानं न्हाणीपशी ओल हुती तिचा फोटू काढला. मी वर च्या पाजला. लिहिल्याखाली अंगठा दिला. जाताना जावई म्हणलं, "मामी, लई बरं सांगितलंत." मला वाटलं, माणूस बिघडला तरी मन हाय जाग्यावर.

सांजंला प्रतिक्षा आली. मी हसत सांगितलं, सायबाला कसा घोळात घेतला. ती हातातल्या डब्यासकट उंबऱ्यावर बसली.

"आई, टाईल्सच्या खोल्या. शेरडांच्या म्हणलीस?"

मग तिनं सांगितलं समदं: सायेब घरपट्टीचा न्हवं, कोर्टानं किंमत काढाया धाडलेला; किंमत जेवढी कमी, तेवढं तिचं निम्मं कमी. मी तोंडात मारून घेतलं. काय उपेग?

आमच्या वकिलानं मला बारामतीला कोर्टात उभी केली. मी हात जोडलं, "सायेब, मी खोटं बोलले. बोअरला पाणी हाय. खोल्या चांगल्या हायेत. माज्या लेकीचं नुसकान करू नका."

त्यांचा वकील म्हणला, "आजी, तवा खोटं बोललात?"

"व्हय."

"मग आज खरं बोलताय कशावरनं? आज तर लेकीचा फायदा हाय."

किल्ली काढून दावली. ती बघून लोकं हसली, गं.

कोर्टानं त्या सायबानं काढल्याली पैली किंमतच धरली. त्या निम्म्यात इंदापुरात एक खोली बी येत न्हाय. बुधवारी घर खाली करायचं.

आज सकाळी प्रतिक्षा भांडी पोत्यात भरत हुती. म्हणली, "आई, मागची किल्ली दे. समद्या त्यांच्याकडं द्यायच्यात."

कमरंची पिशवी सोडाया गेले तर गाठ सुटंना. तिनंच खाली बसून सोडली. किल्ली घेतली आन् माजा पदर नीट केला.

रागावली न्हाय. रागवायला पायजे हुतं गं तिनं.