मयुरीचा कोतवाल आणि साऱ्या तारखा

पडदा वर जातो. समोर तलाव. डाव्या अंगाला पाळ, म्हणजे तलावाचा बांध, पाळीवर मोहाचे झाड, झाडाखाली उलटा घातलेला डोंगा. डोंग्यावर एक मुलगी, मांडीवर लॅपटॉप. शेजारी तिचा बाप फाटके जाळे शिवतो आहे. सकाळचे ऊन पाण्यावरून उसळून दोघांच्या तोंडावर पडले आहे. असा प्रकाश मला उभ्या हयातीत कोणत्याही नाटक कंपनीने दिला नाही.

ही मयुरी, आणि बाप पोचूभाऊ. आमच्या गावाला ब्रह्मपुरीहून जीप येते, पण मोबाइलची रेंज पाळीपर्यंत येऊन थांबते. म्हणून कॉलेज संपवून परतलेल्या या पोरीने आपले ऑफिस डोंग्यावर थाटले.

तिचा नाद निराळा. इंटरनेटवर सुरक्षेच्या स्पर्धा असतात. मुद्दाम भोके ठेवलेली एक वेबसाइट समोर टाकतात, तिच्यात कुठेतरी एक ओळ दडवलेली असते. तिला म्हणायचे झेंडा. जो शोधील तो जिंकला. या कामाची तयार साधने भारी जड. मयुरीच्या जुन्या लॅपटॉपवर ती सुरू केली की पंखा भाताच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि सगळे ठप्प. शेवटी तिने स्वतःच एक छोटासा प्रोग्राम लिहिला. चित्र नाही, बटण नाही, नुसता काळा पडदा. त्यावर एका ओळीचा हुकूम टाइप केला की स्वारी निघाली. वेबसाइटच्या पहिल्या पानावर जेवढ्या लिंक, तेवढी दारे. प्रत्येक दार वाजवायचे, आत आणखी दारे दिसली तर तीही वाजवायची, आणि कुठे काय दिसले ते परत येऊन सांगायचे. गावचा कोतवाल निरोप घेऊन घरोघर फिरतो, म्हणून तिने त्याचे नाव ठेवले कोतवाल.

पोचूभाऊंना हा प्रकार पटत नसे.

"सकाळपासून गरी टाकून बसली हाय. मासा तं काई दिसत नाई."

"मासा नाई बाबा, झेंडा."

"भातासंग खाता येते का तो?"

पण एक गोष्ट पोरीने बापाकडूनच उचलली होती. दुसऱ्या गावच्या तलावात न विचारता जाळे टाकायचे नाही, आणि दुसऱ्याच्या वेबसाइटवर न विचारता कोतवाल सोडायचा नाही. आता सरावाला परवानगी देणार कोण? ती माझ्याकडे आली. मी गुणवंतरावांना फोन लावला.

वडशाचे गुणवंतराव म्हणजे ज्यांच्या कंपनीत मी आयुष्यभर खलनायक म्हणून मार खाल्ला ते. दिवाळी ते होळी गावोगावच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, नाटके लावायची, हा त्यांचा धंदा. यंदा मात्र फोन वाजत नव्हता. दिवाळी तोंडावर आली तरी तारखा ठरल्या नाहीत तर कंपनी बंद करून पडदे विकीन, असे ते मला दोनदा म्हणाले होते. भाच्याने, निकेशने, त्यांना वेबसाइट करून दिली होती. तीत तारखांचे पान, आणि प्रत्येक तारखेपुढे 'पक्की करा'.

"फिरू द्या ना भाऊ पोरीले!" गुणवंतराव गरजले. "आपलंच घर हाय!" निकेशने तिला आमच्या गावच्या नाटक मंडळाच्या नावाने आत शिरायची सोयही करून दिली.

मयुरीने हुकूम टाइप केला. पांढरी अक्षरे पाण्यासारखी वाहू लागली. झेंडा नव्हताच, पण कोतवाल दारे मोजत हिंडला आणि गप्प झाला. मयुरी खूश झाली. मीही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गुणवंतराव रडत होते. मी त्यांना कित्येक नाटकांत रडताना पाहिले आहे, पण हे रडणे ग्लिसरीनचे नव्हते.

"भाऊ, तुमच्या गावानं इज्जत राखली! साऱ्या तारखा! दिवाळी ते होळी, रोज तुमच्या गावात नाटक! मी पेढे मांगवले!"

मयुरीने स्क्रीनकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. कोतवालाला वाचता कुठे येते? त्याने 'पक्की करा' हेही एक दार समजून वाजवले. प्रत्येक तारखेचे.

"पण कोनतीबी साइट पहिले इचारते ना, नक्की का म्हनून! इथी काऊन नाई इचारलं?"

तिने निकेशला फोन केला. तो म्हणाला, प्रश्न आधी होता, पण मामांनीच काढायला लावला. गुणवंतरावांचा तो जुना नेम मला ठाऊक होता. पार्टीने, म्हणजे नाटक ठरवणाऱ्या गावाने, तारीख घेतली की तिला दुसऱ्यांदा 'नक्की का' म्हणून विचारायचे नाही. विचारले की अपशकुन, आणि पार्टी बिदकते.

"रोज नाटक म्हनल्यावर मासे कोन पकडन?" पोचूभाऊंनी जाळ्यातून मान वर केली.

मी म्हणालो, "बाई, आजचा दिवस त्यांना पेढे खाऊ दे. उद्या सांगू."

"नाई आबाजी. आज त्यायनं दुसऱ्या गावाले नाई म्हनलं, तं ते गाव गेलं हातचं. आत्ता जाऊ."

"कंपनी बुडेल तुझ्या एका वाक्याने."

"खोट्या तारखेवर काय तरंगन का?"

फोन लावावा तर त्यांचा सतत एंगेज, आनंदाची बातमी वाटणे चालले होते. आम्ही जीपने ब्रह्मपुरी आणि तिथून वडसा गाठले.

ऑफिसात गुणवंतराव गळ्यात हार घालून बसले होते. हार त्यांनी स्वतःच आणवला असावा. समोर सिंदेवाहीकडच्या दोन गावांचे लोक हात जोडून बसलेले. एका गावचे बापूराव, दुसऱ्याचा पत्रू. गेल्या आठवड्यात हेच दोघे 'पाहू, सांगू' म्हणत टाळत होते. पण वेबसाइटवर सगळे फुल्ल दिसताच धावत आले होते.

"एक तारीख द्या ना जी, मंडईची," बापूराव म्हणाले.

"कुठून देऊ?" गुणवंतरावांनी कपाळाला बोटे लावली. राजाचे काम त्यांनी कधी इतके चांगले केले नव्हते. "जनता ऐकत नाई."

मयुरी दारातच उभी राहून म्हणाली, "काकाजी, साऱ्या तारखा खाली हायेत. तलावावर डोंग्यावर बसून सराव करून राह्यली होती, तं माया प्रोग्रामनं चुकून पक्क्या केल्या."

गुणवंतराव अर्धे उठले आणि मग सावकाश, हारासकट, खुर्चीत कोसळले. "हळू बोल ना पोरी," ते कुजबुजले, "पार्टी बसली हाय."

"म्हनून तं मोठ्यानं बोलून राह्यली."

पत्रू ताबडतोब पाय पसरून बसला. "खाली हायेत? मंग घाई काय. पाहू, सांगू." पेढा उचलून तो चालता झाला.

बापूराव मात्र हलले नाहीत. त्यांनी मयुरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचे पोट हलू लागले. "म्हंजे, हिनं तलावावर बसून होळीपर्यंत नाटकं बुक केली?" ते हसत हसत म्हणाले. "लिहा गुणवंतराव, आमची मंडईची तारीख. खोटं लपवलं नाई तुमच्या मानसानं. आमाले तारीख दिली तं तुमी येसान, एवढं कळलं."

मयुरीने तिथेच बसून साऱ्या खोट्या तारखा हाताने रद्द केल्या. बापूरावांनी ही गोष्ट जीपमध्ये सांगितली, जीपवाल्याने पुढच्या दहा जणांना, आणि आठवडाभरात गावोगावची मंडळे 'ते डोंग्यावरचं खरं का?' हे विचारायला फोन करू लागली. फोन केलाच आहे, तर तारीखही घेऊ लागली. हंगाम भरला नाही, पण पडदे विकावे लागले नाहीत. पत्रू शेवटी आला, तेव्हा त्याच्या मंडईची तारीख खरोखरच गेली होती.

वेबसाइटवर प्रश्न परत आला. शब्द गुणवंतरावांचे: 'मायबाप, शब्द पक्का?' आणि कोतवालही शिकला. काही बदलणारे दार दिसले की तो आता बाहेरच थांबतो आणि मयुरीला विचारतो.

होळी झाल्यावर गुणवंतराव आमच्या गावी आले. मयुरी डोंग्यावर होती. ते इकडेतिकडे पाहून तिच्याजवळ वाकले.

"पोरी, पुढच्या साली दिवाळीच्या आधी तुया कोतवाल एक डाव सोडशीन का? चुकून. साऱ्या नाई, अर्ध्याच तारखा."

मयुरीने मान वर न करता टाइप करत म्हटले, "सोडीन ना काकाजी. पन तो आता दारात उभा राहून पहिले इचारते. त्याले तुमीच हो म्हना, आन मंग बापूरावले सांगाले बी तुमीच जा."